शाब्दिक उदाहरण आलं की मुलगी अडते: क्ष मानण्याआधी काय करायचं?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, सेमी-इंग्रजीत. एकसामयिक समीकरणं आणि वर्गसमीकरणं समोर मांडून दिली तर पटापट सोडवते. तेच शाब्दिक उदाहरण म्हणून आलं की 'क्ष मानू' एवढं लिहून थांबते. क्लासमध्ये वयाची उदाहरणं, नोटांची उदाहरणं, वेगाची उदाहरणं असे प्रकार पाडून पाठ करायला सांगितलेत. चाचणीत जरा वेगळं वळण आलं की पुन्हा पान कोरं. घरी नेमकं काय करून घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि त्यातला मोठा काळ आठवी ते दहावीला. ही तक्रार मी दरवर्षी ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा त्या मुलांचं बीजगणित चांगलंच होतं. तुमच्या मुलीचंही आहे. समीकरण सोडवणं तिला येतं. समीकरण जन्माला कसं येतं, हे तिला कुणी सावकाश दाखवलेलं नाही. फळ्यावर शिक्षक उदाहरण वाचतात, 'मुलीचं वय क्ष मानू' म्हणतात आणि पुढच्या ओळीला समीकरण येतं. त्या दोन ओळींच्या मधे शिक्षकाच्या डोक्यात जे घडतं ते फळ्यावर येत नाही. मीही पहिली काही वर्षं तसंच शिकवलं, म्हणून हे खात्रीने सांगते.

प्रकार पाठ करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते आत्ता थांबवा. प्रकार ओळखणारं मूल गोष्ट वाचत नाही, 'वय' हा शब्द शोधतं आणि पाठ केलेला साचा त्यावर बसवतं. गोष्टीत '६ वर्षांनी' ऐवजी '६ वर्षांपूर्वी' आलं तरी ते बेरीजच करतं.

आता सुरुवात. हे उदाहरण घ्या.

आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ वर्षांनी जास्त आहे. ६ वर्षांनी आईचं वय मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीपेक्षा ८ वर्षांनी जास्त असेल. दोघींची आजची वयं काढा.

तिला सांगा, क्ष लिहायचा नाही. विचारा, मुलगी किती वर्षांची असेल? मनाला येईल ते सांग. ती म्हणेल ८. चालेल. आता हे ८ बरोबर आहे का ते तपासायचं. आई किती? आठ त्रिक चोवीस आणि चार, २८. सहा वर्षांनी मुलगी १४, आई ३४. चौदा दुणे अठ्ठावीस आणि आठ, ३६. म्हणजे आई ३६ ची असायला हवी, पण ती ३४ ची आहे. ८ चुकलं. मग १२ घेऊन बघ. आई ४०. सहा वर्षांनी मुलगी १८, आई ४६. अठरा दुणे छत्तीस आणि आठ, ४४. या वेळी आई दोनने जास्त निघाली. हेही चुकलं.

दोन चुकीची उत्तरं तपासताना तिच्या हातून उदाहरणातलं प्रत्येक वाक्य दोनदा वापरलं गेलं, आणि एकदाही ती अडली नाही. उत्तर तपासायला कुणीच अडत नाही. (८ ला दोन कमी पडले, १२ ला दोन जास्त झाले, तेव्हा उत्तर मधे १० असणार, हेही बरीच मुलं आपणहून बोलून दाखवतात. त्यांना थांबवू नका. बरोबर आहे ते.)

आता पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळं शिक्षण या एका पायरीत आहे. तीच तपासणी पुन्हा कागदावर लिहायची, पण हिशेब करून टाकायचा नाही. ८ हा आकडा शेवटपर्यंत दिसत राहिला पाहिजे. ६ वर्षांनी आईचं वय एका बाजूने असं येतं:

३ × ८ + ४ + ६

आणि दुसऱ्या बाजूने असं यायला हवं:

२ × (८ + ६) + ८

खाली १२ साठीही तसंच लिहायचं: ३ × १२ + ४ + ६ आणि २ × (१२ + ६) + ८. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की मुलगी स्वतः बघते की सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त ८ च्या जागी १२ आलं आहे. मग विचारायचं, खरं वय माहीत नाही, तर त्या जागी काय लिहू? तिथे क्ष येतो:

३क्ष + ४ + ६ = २(क्ष + ६) + ८

३क्ष + १० = २क्ष + २०, म्हणून क्ष = १०. मुलगी १० वर्षांची, आई ३४ ची.

या रीतीत मुलगी समीकरण 'मांडत' नाही. ती एक तपासणी लिहिते आणि आकड्याच्या जागी अक्षर ठेवते. कंस कुठे द्यायचा हा घोळही इथे आपोआप सुटतो, कारण १४ चे दुप्पट करताना तिने आधी ८ आणि ६ मिळवलेच होते. एरवी हीच मुलं २क्ष + ६ लिहून मोकळी होतात.

आपल्याकडे ही जुनी वाट आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत तिला इष्टकर्म म्हटलं आहे: मनाजोगी, म्हणजे इष्ट, संख्या धरायची, तिच्यावर गोष्टीत सांगितलेलं सगळं करायचं आणि आलेली संख्या आणि यायला हवी होती ती संख्या यांच्या प्रमाणावरून खरी संख्या काढायची. त्यातलंच भुंग्यांचं उदाहरण मी दरवर्षी आठवीला देत असे. थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या वासाने मधेच भिरभिरत राहिला. थवा केवढा? इष्ट ३० धरा. ६ गेले, १० गेले, फरक ४, त्याची तिप्पट १२ गेले. एकूण २८. उरले २. उरायला हवा होता १, म्हणून थवा ३० च्या निम्मा, १५. इथे एका अंदाजात काम झालं, कारण गोष्टीत सगळे भागच आहेत, वरून मिळवलेलं काही नाही. आईच्या वयात ४ आणि ८ हे वरचे आकडे आहेत, म्हणून तिथे एक अंदाज पुरत नाही आणि क्ष लागतो. मुलांना क्षची गरज कळते ती अशी. नुसतं 'आता आपण क्ष मानू' म्हटल्याने कळत नाही.

भास्कराचार्य माहीत नसलेल्या राशीला अव्यक्त म्हणत आणि तिच्यासाठी 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढं असेल तेवढं', असा शब्द वापरत. एकापेक्षा जास्त अव्यक्त राशी आल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. त्यांच्या बीजगणितात, इसवी सन ११५० च्या आसपास, रीत सांगितली आहे ती अशी: अव्यक्त राशीचं मान यावत्तावत् धरावं, उदाहरणात जे जे सांगितलं आहे ते ते तिच्यावर करावं, आणि प्रयत्नाने दोन पक्ष समान करावेत. त्यातला 'दोन पक्ष' हा शब्द तुमच्या मुलीला नीट समजावून सांगा. मी त्याच्याकडे परत येते.

त्याआधी क्षबद्दल. तिने 'क्ष मानू' लिहिलं की विचारा, क्ष म्हणजे काय? ती म्हणेल, 'पेन'. किंवा 'आई'. इथेच गाडी रुळावरून घसरते. क्ष कधीच पेन नसतो. क्ष म्हणजे पेनाची रुपयांतली किंमत, किंवा पेनांची संख्या, किंवा आईचं आजचं वय वर्षांत. क्ष ही संख्याच असते. वहीत ही ओळ पूर्ण वाक्यात, एककासकट लिहायची सवय लावा: 'एका पेनाची किंमत क्ष रुपये मानू.' अर्धी ओळ मी कधीच चालवून घेतली नाही.

हे बारीक वाटतं, पण मोठमोठे इथे चुकतात. एका शाळेत जितके शिक्षक आहेत त्याच्या ३० पट विद्यार्थी आहेत; शिक्षकांची संख्या श आणि विद्यार्थ्यांची व, तर समीकरण लिहा. पुष्कळजण ३०व = श लिहितात, कारण मनात '३० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक' असं चित्र असतं आणि व म्हणजे 'विद्यार्थी' असं ते वाचतात. बरोबर आहे व = ३०श. अमेरिकेत क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक यांनी १९८१ मध्ये असाच, सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक असा प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातला, तर एक तृतीयांशाहून जास्त जण चुकले, आणि चुकणाऱ्यांत बहुतेकांनी समीकरण उलटं लिहिलं होतं. तेव्हा मुलगी उलटं लिहिते म्हणून तिला कच्ची ठरवू नका. आकडे घालून बघायला सांगा: शिक्षक १० असतील तर विद्यार्थी ३००. आता ३० × ३०० = १० होतं का?

क्ष कुणाला मानायचा, हाही तिचा प्रश्न आहे असं तुम्ही लिहिलंय. याला मराठी वाक्यच उत्तर देतं. 'मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा' यात 'च्या' कुणाला लागलाय? मुलीला. ज्याच्या आधाराने दुसऱ्याचं वर्णन केलंय त्याला क्ष माना. 'लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने कमी', तर रुंदी क्ष. विचारलंय त्यालाच क्ष मानलं पाहिजे असा नियम नाही. फक्त शेवटी विचारलेलं काढायला विसरायचं नाही. क्ष = ७ काढून रुंदीवरच थांबलेल्या आणि लांबी लिहायची राहिलेल्या उत्तरपत्रिका मी शेकड्याने तपासल्या आहेत.

आता भाषेकडे, कारण मुलगी सेमी-इंग्रजीत आहे आणि माझ्या अनुभवात तिच्यासारख्या मुलांची निम्मी अडचण इथे असते. इंग्रजीत 'सेव्हन लेस दॅन अ नंबर' असं वाचलं की ७ आधी येतो, आणि हात ७ − क्ष लिहितो. मराठीत तेच 'एका संख्येपेक्षा ७ ने कमी' असं होतं. संख्या आधी, ७ नंतर. लिहायचंही त्याच क्रमाने: क्ष − ७. 'ट्वाइस अ नंबर इन्क्रीज्ड बाय फाइव्ह' वाचून थबकणारी मुलगी 'संख्येच्या दुपटीत ५ मिळवले' हे ऐकून २क्ष + ५ सहज लिहिते. मराठी वाक्य बहुतेक वेळा ज्या क्रमाने कृती करायची त्याच क्रमाने चालतं. म्हणून प्रश्न इंग्रजीत असला तरी तिला तो आधी मराठीत मोठ्याने सांगायला लावा. मनातल्या मनात नको, तोंडाने. तुम्ही ऐका. तिला गोष्ट कळली आहे की नाही ते तुम्हाला गणित न येताही कळेल.

मराठीतले प्रत्यय मात्र नीट ऐकायला शिकवावे लागतात. 'ने' आणि 'पट' यांत फरक आहे: '५ ने जास्त' म्हणजे मिळवणं, '५ पट' म्हणजे गुणणं. भागाकारात 'ला' लागलेली राशी वर जाते, 'ने' लागलेली खाली: 'संख्येला ४ ने भागले' म्हणजे क्ष/४, '४ ला संख्येने भागले' म्हणजे ४/क्ष. आणि 'येणाऱ्या' हा शब्द दिसला की कंस घ्यायचा. 'संख्येच्या तिपटीत ५ मिळवले' हे ३क्ष + ५, पण 'संख्येत ५ मिळवून येणाऱ्या बेरजेची तिप्पट' हे ३(क्ष + ५). ही जोडी मी मुलांकडून पन्नास वेळा तरी म्हणवून घेत असे, आणि प्रत्येक वेळी क्षच्या जागी १० घालून ३५ आणि ४५ काढायला लावत असे. दोन आकडे वेगळे आले की कंसाबद्दल भाषण करावं लागत नाही.

सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द आजच्या मुलांच्या कानांवरून जातात पण हातात उतरत नाहीत. 'दीडपट' ऐकलं की ३/२ क्ष, 'पाऊणपट' म्हणजे ३/४ क्ष, 'सव्वापट' म्हणजे ५/४ क्ष, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही. खरी फजिती वेळेत होते. 'पावणेदोन तास' मुलं १.४५ लिहितात आणि 'एक तास वीस मिनिटं' १.२० लिहितात. तासात ६० मिनिटं, म्हणून पहिलं ७/४ आणि दुसरं ४/३. समीकरण अगदी बरोबर मांडून केवळ या एका आकड्यामुळे उत्तर चुकतं. खेड्यातल्या शाळेत हीच गोष्ट जमिनीत दिसायची. 'एक एकर दहा गुंठे' याला मुलं १.१० एकर म्हणत. पण एकरात ४० गुंठे, म्हणून ते १.२५. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं तिथे १.१० चालतं, कारण हेक्टरात १०० आर असतात. घरचा सातबारा वर्गात आणून हा फरक समजावला तेव्हा तो वर्षभर कुणी विसरलं नाही.

आणखी एक खास मराठी अडचण दोन अंकी संख्यांची. 'दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज १२ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा १८ ने मोठी आहे.' इथे पुष्कळ मुलं संख्या क्षय लिहितात, जी बीजगणितात क्ष गुणिले य होते, किंवा दशक-एकक उलटे करतात. त्याला कारण आहे. आपण 'सत्तावन्न' म्हणतो तेव्हा सात आधी उच्चारतो आणि पन्नास नंतर. लिहितो मात्र ५ आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास सात' अशा वाचनाची रीत आली आणि त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात माझं मत असं होतं की सत्तावन्न जाऊ नये, पण ५० + ७ हे मुलाला पहिल्यापासून दिसलं पाहिजे. दहावीतही उपाय तोच. क्ष आणि य घेण्याआधी ५७ = १० × ५ + ७ आणि ७५ = १० × ७ + ५ अशा चार-पाच संख्या लिहायच्या. मग दशकाचा अंक क्ष, एककाचा य: मूळ संख्या १०क्ष + य, अदलाबदलीनंतरची १०य + क्ष. क्ष + य = १२, आणि (१०य + क्ष) − (१०क्ष + य) = १८, म्हणजे य − क्ष = २. क्ष = ५, य = ७. संख्या ५७.

आता ते 'दोन पक्ष'. समीकरणाची बरोबरची खूण कुठून येते? उदाहरणात कुठली तरी एक राशी अशी असते की ती दोन वाटांनी सांगता येते. ती राशी शोधायची, दोन्ही वाटांनी लिहायची आणि मधे = टाकायचं. वयाच्या उदाहरणात ती राशी होती '६ वर्षांनी आईचं वय'. एक वाट आजच्या वयातून आली, दुसरी मुलीच्या तेव्हाच्या वयातून. म्हणून मुलीला प्रत्येक उदाहरणात एक प्रश्न विचारा: 'कुठली गोष्ट दोनदा सांगितली आहे?' याचं उत्तर तिने शब्दांत द्यायचं. ते आलं की समीकरण झालंच.

नोटांचं उदाहरण बघा. ५० आणि १०० रुपयांच्या मिळून ३५ नोटा आहेत, एकूण रक्कम २५०० रुपये. क्ष आणि य मानल्यावर मुलं पहिलं समीकरण क्ष + य = ३५ बरोबर लिहितात आणि दुसरं क्ष + य = २५०० असं लिहून मोकळी होतात. त्यांना विचारा, या बाजूला काय मोजलंय? नोटा. आणि त्या बाजूला? रुपये. नोटा आणि रुपये समान कसे होतील? दोन बाजूंची एककं एकच हवीत. रुपये हवेत तर ५०क्ष + १००य = २५००. पहिल्यावरून य = ३५ − क्ष, मग ५०क्ष + ३५०० − १००क्ष = २५००, क्ष = २०, य = १५. हेच तोंडी करून दाखवा: सगळ्या नोटा ५० च्या असत्या तर १७५० झाले असते, ७५० कमी पडतात, एक नोट बदलली की ५० वाढतात, म्हणून १५ नोटा शंभरच्या. तोंडी रीत येणारं मूल समीकरणाला घाबरत नाही. काही शिक्षक 'परीक्षेत हे चालणार नाही' म्हणून तोंडी विचार करू देत नाहीत, ते मला कधीच पटलं नाही. उत्तरपत्रिकेत समीकरण लिहायचं हे खरं, पण घरी दोन्ही करू द्या.

वर्गसमीकरणातलं एक उदाहरण घेते, कारण दहावीत मुलं इथे सगळ्यात जास्त घाबरतात. एक गाडी ३०० किलोमीटर अंतर ठरावीक वेगाने जाते. वेग ताशी १० किलोमीटरने जास्त असता तर १ तास कमी लागला असता. मूळ वेग काढा. अंदाज घ्या: वेग ३०. वेळ ३००/३० = १० तास. वाढलेला वेग ४०, वेळ ३००/४० = साडेसात तास. फरक अडीच तास. हवा होता १. म्हणजे वेग याहून जास्त असणार. तपासणी आकडा न पुसता लिहा: ३००/३० − ३००/(३० + १०), आणि हे १ व्हायला हवं. ३० च्या जागी क्ष ठेवा:

३००/क्ष − ३००/(क्ष + १०) = १

इथे नेहमीची चूक म्हणजे वजाबाकी उलटी करणं. त्यावर उपाय एकच, कुठली वेळ मोठी हे आधी बोलून दाखवायचं. हळू गाडीला जास्त वेळ लागतो, म्हणून ३००/क्ष मोठं, ते आधी. पुढे ३००० = क्ष(क्ष + १०), म्हणजे क्ष² + १०क्ष − ३००० = ०, (क्ष + ६०)(क्ष − ५०) = ०. वेग ऋण नसतो, म्हणून ताशी ५० किलोमीटर. 'वेग ऋण नसतो' हे वाक्य लिहायला सांगा. दुसरं मूळ का सोडलं ते तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे.

घरी करून घ्यायचं ते असं, आणि यासाठी तुम्हाला बीजगणित यायची गरज नाही. पहिले आठ-दहा दिवस तिला एकही उदाहरण पूर्ण सोडवू देऊ नका. सोडवणं तिला येतंच. पुस्तकातली रोज तीन उदाहरणं घ्या. प्रत्येकात तिने गोष्ट पुस्तक मिटून मराठीत सांगायची, एक अंदाज धरून तपासायचा, तपासणीची ओळ आकडा न पुसता लिहायची, क्ष ठेवायचा आणि तिथेच वही बंद. वीस मिनिटांत होतं. एक दिवसाआड उलटा खेळ खेळा: तुम्ही ३क्ष + २० = १४० असं काहीतरी लिहून द्या आणि तिला त्यावर गोष्ट रचायला सांगा. पहिल्या गोष्टी अडखळत येतील. 'तीन वह्या आणि वीस रुपयांचं पेन घेतलं, १४० रुपये झाले' इतकी साधी गोष्टही पुरे. मग विचारा, यात क्ष काय? तिने 'वही' म्हटलं तर थांबा. 'एका वहीची किंमत रुपयांत' म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. गोष्ट रचणारं मूल दुसऱ्याची गोष्ट वेगळ्या नजरेने वाचू लागतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला याच सरावावर सर्वांत जास्त भरवसा आहे.

अंदाजाची पायरी कायमची ठेवायची नाही. दोन-तीन आठवड्यांत ती स्वतःच म्हणेल, 'आकडा कशाला, सरळ क्ष ठेवते.' तेव्हा ठेवू द्या. नवीन धाटणीचं उदाहरण आलं आणि अडली, तर मात्र 'आधी एक आकडा धर' एवढंच म्हणा. परीक्षेतही तिने कच्च्या कामाच्या पानावर हेच करावं. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. एका अंदाजाला मिनिटभर लागतं, आणि कोऱ्या पानाकडे बघत जाणारी दहा मिनिटं वाचतात.

उत्तर आल्यावर ताळा घ्यायचा तो समीकरणात नाही, गोष्टीत. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर चुकीचं उत्तरही त्यात बरोबर बसतं. १० आणि ३४ आले तर उदाहरण पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायचं: दहाची तिप्पट ३०, आणि ४, आई ३४, बरोबर. सहा वर्षांनी १६ आणि ४०. सोळा दुणे बत्तीस आणि आठ, ४०, बरोबर. हे वाचन तिने तुमच्यासमोर मोठ्याने करावं आणि तुम्ही पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून ऐकावं.